दीड दिवसाची मोजणी

फिलाडेल्फिया

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वारसनोंदीचे बोलणे चालू असताना बाबांनी विचारले होते की इकडच्या जमिनींना मूळ खरेदीखत तरी आहे का. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते.

हा पेनसिल्व्हेनिया प्रांतच एका देण्यापोटी आलेला आहे. दुसरा चार्ल्स राजा पेन घराण्याचे १६,००० पौंड देणे लागत होता. त्याबदल्यात १६८१ मध्ये त्याने विल्यम पेनला ही सनद दिली. सनद हाती असूनही पेनने इथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांकडून जमिनी विकत घेतल्या, पण त्याच्यामागे मुलांच्या वाट्याला इस्टेटीइतकेच कर्जही आले. त्याचा मुलगा थॉमस आणि कारभारी जेम्स लोगन यांच्या पत्रव्यवहारात म्हणूनच घरचा जमाखर्च आणि टोळ्यांशी चाललेली बोलणी वेगळी काढता येत नाहीत.

त्यांनी १६८६ च्या एका खताची नक्कल पुढे केली. अस्सल कधीच दाखवले नाही. माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन, असा त्यात करार होता. लेनापेंच्या समजुतीप्रमाणे हे डेलावेअर नदीच्या काठाने, थांबत-विसावत चालणे होते. १७३७ च्या सप्टेंबरात पेन मंडळींनी मात्र आधी वाट तोडून ठेवली आणि तीन तगडे गडी पळायला लावले, त्यांतला एडवर्ड मार्शल तेवढा शेवटपर्यंत टिकला. तो थांबला तिथून रेषा सरळ नदीकडे न नेता तिरकी ओढून सुमारे १,२०० चौरस मैल मुलूख आत घेतला. बाबा, हद्द अशी ओढणारा मोजणीदार तुम्ही उभ्या नोकरीत पाहिला नसेल.

लेनापे हटेनात, तेव्हा १७४२ मध्ये इरोक्वॉय या बलाढ्य मूळ रहिवासी टोळ्यांच्या संघाचा वक्ता कॅनासाटेगो याच्याकडून, भर सभेत, त्यांना निघून जाण्याचा हुकूम देववला. भेटवस्तू देऊन शेजाऱ्याकरवी भाऊबंदाला घराबाहेर काढावे, तसली ही मुत्सद्देगिरी होती.

१७५६ मध्ये ईस्टनच्या तहाच्या बैठकीत लेनापेंचा पुढारी टीडयुस्कंग उठून म्हणाला की माझ्या पायाखालची हीच जमीन माझा वारसा होती आणि ती फसवून घेतली गेली. वारसा हा शब्द त्यानेही वापरला, हे वाचून मी बराच वेळ थांबले. पुढे १७६२ मध्ये त्याला फसवणुकीचा आरोप मागे घ्यावा लागला. अमेरिकन क्रांतीच्या काळात प्रांताने पेन घराण्याकडून या जमिनी काढून घेतल्या, तेव्हा १,३०,००० पौंडांची भरपाई ठरली, तीही पेन घराण्याला.

आपल्या वारसनोंदीचे कागद स्वाक्षरी करून पाठवत आहे. चतुःसीमा बाबांनी एकदा अस्सल खताशी ताडून पाहाव्यात, नकलेशी नको.

तुमची,
धाकटी