मनूला, पियानोच्या क्लासबद्दल

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस की सर सारखं 'हळू वाजव, हळू वाजव' करतात आणि तुला वैताग आलाय, तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही म्हणून आता लिहितेय. अगं त्या वाद्याचं नावच हळू आहे! इटालियनमधे पियानो म्हणजे हळू आणि फोर्ते म्हणजे जोरात. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या वाद्यांची १७०० सालची यादी आहे, तिच्यात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या वाद्य बनवणाऱ्या कारागिराच्या नव्या वाद्यापुढे लिहिलंय की हे हळू पण वाजतं आणि जोरात पण. पुढे लोकांच्या तोंडी हळू तेवढं राहिलं.

हा क्रिस्तोफोरी मूळचा पादुआचा, मेदिचींच्या राजपुत्र फेर्दिनांदोने त्याला १६८८ मधे फ्लॉरेन्सला नोकरीवर ठेवलं. तिथे एका मोठ्या हॉलमधे सगळे कारागीर एकत्र काम करायचे आणि त्या ठोकाठोकीचा त्याला त्रास व्हायचा, असं त्याने स्वतः नंतर सांगितलंय. हे वाचून मी थांबलेच, कारण अशा गोंगाटातला माणूस हळू वाजणारं वाद्य करत होता.

तोवर हार्पसिकॉर्ड नावाचं पट्ट्यांचं वाद्य होतं, त्यात पिसाच्या देठाचा काटा तार छेडतो, मग तू पट्टी कितीही जोरात दाब, आवाज जवळपास तेवढाच. आजोबांच्या पेटीत भाता तरी असतो गं, इथे तेही नाही. त्याने काट्याच्या जागी हातोडी आणली, कागदाची गुंडाळी आणि तिच्यावर चामडं. पण हातोडी तारेला चिकटून राहिली तर सूर मरतो. म्हणून त्याने असं केलं की पट्टी हातोडीला वर फेकते आणि अगदी शेवटी टेकू निसटतो, हातोडी एकटी जाऊन तारेला लागते आणि लगेच मागे पडते, तुझं बोट पट्टीवरच असलं तरी. म्हणजे तू तार वाजवतच नाहीस, हातोडी फेकतेस, आणि किती वेगाने फेकतेस त्यावर आवाज. मला तर हीच त्याची सगळ्यात मोठी करामत वाटते.

त्याचे तीनच पियानो उरलेत, १७२० चा न्यूयॉर्कला, १७२२ चा रोमला आणि १७२६ चा लाइपझिगला. न्यूयॉर्कवाल्याला ५४ पट्ट्या आहेत, तुझ्याला ८८. त्याचं रेकॉर्डिंग मिळतं, हेडफोन लावून ऐक, आवाज बारीक आहे पण किती जवळचा वाटतो बघ. मग तोच तुझा अवघड तुकडा पट्ट्या अगदी सावकाश दाबून वाजव आणि रविवारी मला फोनवर ऐकव, मी वाट बघतेय.

तुझी आई