आधी अण्णांच्या कॅसेटी

मिरज,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र बुधवारी आलं. दोनदा वाचलं. साठ हजारांचा डॅक (डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा आवाज करणारी पेटी) घ्यायचं तू जवळजवळ ठरवलंयस, माझा होकार तेवढा बाकी आहे, असं दिसलं. मला होकार देववत नाही. का ते सगळं लिहितो, कारण फोनवर आपलं बोलणं मुलांच्या परीक्षांवर घसरतं आणि हे राहून जातं.

दुकानात दोन डॅक आलटून पालटून ऐकवले आणि महागड्यावर तंबोरा समोर बसून छेडल्यासारखा वाटला, असं तू लिहिलंयस. वाटला असणारच, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर होता, हे कुणी मोजलं होतं का? एखाद्या डेसिबलचा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळतच नाही. तो भरीव, स्वच्छ, जवळचा आवाज म्हणून कळतो. एका डॅकचं आउटपुट दुसऱ्यापेक्षा जरासं चढं असलं की कौल तिथेच ठरून जातो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी हे घरी करून पाहिलं. एक माझा जुना डॅक, नऊ वर्षांपूर्वी बावीस हजारांना घेतलेला. दुसरा फोनला लावायचा, पेनाच्या टोपणाएवढा, हजाराच्या आतला. १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरला आणि दोन्हीकडे व्होल्ट सारखे येईपर्यंत आवाज जुळवला. (साधा मल्टीमीटर वरच्या पट्टीत चुकतो, म्हणून सूर खालचाच घ्यायचा.) मग सौ. माझ्या पाठीमागे बसली. दर खेपेला नाणं उडवायचं, छापा आला तर हा, काटा आला तर तो. वीस खेपांत माझी अकरा उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून नुसता अंदाज केला असता तरी दहाच्या आसपास आली असती. नऊ वर्षं मी त्या डॅकचं कौतुक सगळ्यांना सांगत होतो. त्या रात्री मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवसापासून ऐकताना मन मोकळं झालं, तेही तितकंच खरं.

अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी हेच फार मोठ्या प्रमाणावर केलं. २००७ साली ते छापून आलं. उच्च प्रतीच्या डिस्कचा आवाज एकदा जसाच्या तसा आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ४४,१०० मापं, प्रत्येक १६ बिटांचं) चाळणीतून काढून ऐकवायचा. ५५४ खेपांत बरोबर उत्तरं २७६. ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातले लोकही होते.

तू गणित शिकवतोस, म्हणून एक गोष्ट तुला खास सांगावीशी वाटते. त्या दुकानदाराने तुला पायऱ्यापायऱ्यांचं चित्र दाखवलं ना, की सीडीचा आवाज असा तुटक असतो आणि महागडा डॅक त्या पायऱ्या घासून गुळगुळीत करतो? ते चित्रच चुकीचं आहे. सीडीवर पायऱ्या नसतात, बिंदू असतात. ज्या लहरीत २२,०५० हर्ट्झच्या वरचं काहीच नाही, तिचे सेकंदाला ४४,१०० बिंदू घेतले, तर त्या सगळ्यांतून जाणारी आणि ती मर्यादा पाळणारी वक्ररेषा एकच निघते. दुसरी निघूच शकत नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४९ मध्ये याची सिद्धता मांडली. दोन बिंदूंमधलं काही हरवत नाही, कारण तिथे काय असायला हवं हे बाकीच्या बिंदूंनी आधीच ठरवलेलं असतं. डॅकने ती एकच रेषा काढायची असते, आणि आजच्या स्वस्त चिपसुद्धा ते काम चोख करतात. आपण तर पन्नाशी ओलांडलेले. १२-१३ हजार हर्ट्झच्या वरचं आपल्या कानांना आता जेमतेमच ऐकू येणार.

आणि ४४,१०० हा आकडा कुठून आला, ते माहीत आहे का? सीडी बाजारात आली १९८२ मध्ये, पण त्याआधीपासून डिजिटल मुद्रण व्हिडिओ टेपवर भरत असत. जपान-अमेरिकेच्या टीव्हीत सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), प्रत्येकात कामाच्या २४५ ओळी, ओळीत ३ बिंदू. आपल्याकडच्या आणि युरोपच्या पद्धतीत ५० फील्ड, २९४ ओळी, पुन्हा ३ बिंदू. दोन्ही गुणाकार करून बघ. मला हा आकडा फार आवडतो, वर्गात मुलांना जरूर सांग.

आता फरक कुठे पडला ते. तुझ्याकडे २००३-०४ च्या सुमाराला कुणीतरी भरून दिलेल्या एमपी थ्रीच्या डिस्क आहेत, तशा माझ्याकडेही होत्या. सेकंदाला १२८ किलोबिटच्या दराने दाबलेल्या. त्या मी डोळे मिटून ओळखल्या, प्रत्येक खेपेला. तबलजी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, बोट मारतो त्याच्या निमिषभर आधी एक खरखर पसरते आणि आघाताची धारच जाते. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती आस, पाण्याखालून आल्यासारखी थरथरते. तुला जे हरवल्यासारखं वाटतं ते तिथेच हरवलंय. कोणताही डॅक ते परत आणून देणार नाही. त्या डिस्क टाक आणि जे मूळ सीडीवर मिळतं ते फ्लॅक नावाच्या फाइलींत उतरवून घे. त्यात एक बिटही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते.

दुसरी गोष्ट, तुझ्या स्पीकरमधून येणारी ती घूं घूं. ती माझ्याकडेही होती आणि मी ती कितीतरी महिने अॅम्पच्या, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या, माथी मारत होतो. एकदा असाच हाताची पालथी बाजू अॅम्पच्या पत्र्यावरून फिरवली तर बारीक झिणझिण्या आल्या. लॅपटॉपचा चार्जर काढला, झिणझिण्या गेल्या आणि घूं घूंसुद्धा. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर पिनला लावलेलीच नव्हती, टोक गुंडाळून आत कोंबलेलं. घर बांधल्यापासून तसंच असणार. त्याने ती सोलली, पिनमध्ये घट्ट आवळली आणि दीडशे रुपये घेऊन गेला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा दोन आवर्तनांच्या मधली शांतता शांतता म्हणून ऐकू आली. तुझ्याकडे तर समुद्राची दमट हवा. आधी वायरमनकडून बोर्ड उघडून घे. ते शक्य नसेल तर टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल केबलने डॅक जोड. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे टीव्हीकडून गुरगुर यायला वाटच राहत नाही.

खोलीबद्दल गणपतीत आलो होतो तेव्हाच बोलायचं मनात होतं, पण पाहुण्यांची गर्दी होती. तुझी ती दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, समोर काचेचं शोकेस आणि स्पीकर दोन्ही कोपऱ्यांत भिंतीला टेकलेले. मधोमध उभं राहून एक टाळी वाजव. टाळीमागे चिर्रर्र असा शेपटासारखा आवाज येईल. तंबोऱ्याच्या प्रत्येक छेडीला तेच शेपूट लागतं. खालच्या सुरांचं आणखी वेगळं आहे. बारा फुटांत ४७ हर्ट्झ घुमतो, दहा फुटांत ५६, आणि दोन्ही भिंती मिळून ७३ च्या आसपास. काळी एकमधल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ चा. म्हणजे तू कोपऱ्यातल्या कॉटवर भिंतीला टेकून बसलास की खर्ज अंगावर येतो आणि खोलीच्या मध्यावर गेलास की नाहीसा होतो. ही गोष्ट तू स्वतःच मला एकदा सांगितली होतीस आणि दोष केबलला दिला होतास. स्पीकर कोपऱ्यातून काढ, भिंतीपासून दोन फूट पुढे घे, खाली जाड सतरंजी टाक, पाठीमागच्या भिंतीवर काकूंच्या गोधड्यांपैकी एक टांग. पंखा बंद करून ऐक. १६ बिटांतला सगळ्यांत हळू आवाज पंख्याच्या घरघरीखाली केव्हाच बुडालेला असतो, २४ बिटांची तर गोष्टच सोड. एवढं करूनही पैसे खर्चायचेच असले तर स्पीकरवर खर्च. तिथे फरक खरंच ऐकू येतो.

इथे सतारमेकर गल्लीतून जाताना अजूनही पाय थबकतात. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एकदा हलकीच फिरवतो. तारेखालचं सूत केसभर सरकवतो आणि एकदम सगळा सूर उमलतो. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला खूप आनंद झाला. माझे कान तिथे तयार झाले आणि आजही काही ऐकायचं झालं की मी त्या आवाजाशी ताडून बघतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे एवढं लिहिलं. अण्णांनी तुमच्या माडीवर झालेल्या बैठका भरून ठेवलेल्या कॅसेटी. ट्रंकेत चाळीसेक असतील, अशी माझी आठवण आहे. त्या गाण्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. रत्नागिरीचे एवढे पावसाळे त्यांनी काढलेत. काहींच्या रिळावर कडेने पांढरी बुरशी मी गणपतीतच पाहिली. बुरशी असेल ती कॅसेट चुकूनही लावून बघू नकोस, टेप चिकटून तुटेल आणि बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसून पुढच्या कॅसेटीला लागेल. १२० मिनिटांच्या असतील त्या वेगळ्या काढ, त्यांची टेप फार पातळ असते.

माझ्याकडचा कॅसेट डेक चांगल्या अवस्थेत आहे, पट्टे मागच्या वर्षी बदलले. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याच्या हेडचा तिरकेपणा आणि माझ्या हेडचा तिरकेपणा जुळला नाही तर वरचे सूर दबून जातात. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी हळू फिरवायचा, पाव आट्याच्याही आत, आणि कान तंबोऱ्यावर ठेवायचा. एका जागी आल्यावर जवारी अशी उघडते, की पडदा कुणी बाजूला केलाय असं वाटावं. प्रत्येक कॅसेटीला हे नव्याने करायचं. डिजिटलमध्ये भरताना मात्र २४ बिट घेऊ, कारण गवई तानेत कुठे उसळेल ते आधी कळत नाही. पातळी खालची ठेवता येते. दोन ड्राइव्हवर प्रती करू, एक तुझ्या घरी, एक माझ्याकडे. दिवसाला चार-पाचच होतील, म्हणून नाताळच्या सुट्टीत आठवडाभर ये.

येताना कॅसेटी स्टीलच्या डब्यात उभ्या लावून आण, मध्ये जुनं धोतर घाल, आंबा घाटाच्या वळणांवर आदळायला नकोत. डबा सामानाच्या फळीवर न ठेवता मांडीवर घे. त्यांच्यावर अण्णांच्या अक्षरात राग आणि तारखा आहेत, निघण्यापूर्वीच त्यांचे फोटो काढून ठेव, शाई उडत चाललीय. एक पूरियाची बैठक मला नीट आठवते. आपण दोघं जिन्यात बसून ऐकत होतो आणि मधेच काकूंनी चहाच्या कपांचा ट्रे खाली ठेवला, त्याचा आवाज अण्णांच्या माइकने टिपला होता. तीच कॅसेट पहिली लावू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. एस. टी. निघाली की कळव, स्टँडवर येतो.

तुझाच