‘खुकरी’ का बुडाली, हेही छापा

महोदय,

नौदल दिनाच्या पुरवणीतील लेखात १९७१ च्या भारत-पाक युद्धात बुडालेल्या ‘आयएनएस खुकरी’ला ‘अजस्र युद्धनौका’ म्हटले आहे, ते दुरुस्त करावे. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्यासोबत गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले, हे वाचकांना ठाऊक आहे. जहाज का गेले, हे मात्र दरवर्षी राहून जाते.

खुकरी ही ब्रिटिश बनावटीच्या ब्लॅकवुड वर्गातली, कमी खर्चात बांधलेली पाणबुडीविरोधी फ्रिगेट, म्हणजे लहान युद्धनौका. लांबी ३१० फूट, पूर्ण भारानिशी वजन दीड हजार टनांच्या आत, प्रॉपेलर एकच. हेलिकॉप्टर उतरवायला जागा नाही. मुख्य हत्यार म्हणजे प्रत्येकी तीन नळ्यांच्या दोन ‘लिंबो’ उखळी तोफा. पाणबुडी कुठे आणि किती खोल आहे हे सोनारने (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्राने) सांगायचे, तेवढ्या खोलीवर फुटेल असा पावणेदोनशे किलोचा गोळा लावायचा आणि डागायचा. पण त्याचा पल्ला जेमतेम एक किलोमीटर! पाकिस्तानची ‘हँगोर’ ही फ्रेंच डाफ्ने वर्गातली पाणबुडी त्याच्या कित्येक पट लांबून पाणतीर (टॉर्पेडो) सोडू शकत होती. म्हणजे शिकाऱ्यालाच आधी सावजाच्या माऱ्यात शिरावे लागे.

त्यात सोनारची अडचण. पाण्याच्या थरांचे तापमान बदलले की ध्वनिलहरी वाकतात आणि खाली दडलेली पाणबुडी ऐकूच येत नाही. खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या नव्या उपकरणाची चाचणीही चालू होती. त्यासाठी वेग कमी ठेवलेला होता, कारण जहाज जोरात गेले की स्वतःच्याच आवाजाने सोनार बहिरा होतो. संथ चालणाऱ्या जहाजावर नेम धरणे पाणबुडीला सोपे जाते. माझ्या मते घाताचे मुख्य कारण हेच.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर हँगोरने पहिला पाणतीर सोबतच्या ‘कृपाण’वर सोडला, तो वाया गेला. दुसरा खुकरीला लागला. एवढ्या लहान जहाजात डेकखालच्या माणसांना शिडीपर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही. काही मिनिटांत सारे संपले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिकांना ‘आयएनएस कच्छल’ने दुसऱ्या दिवशी पाण्यातून उचलले.

‘कृपाण निघून गेली’ हे लेखातले वाक्य तर फारच लागले. तिसरा पाणतीर तिच्यावरच सुटला होता. पाणबुडी जवळपास असताना माणसे उचलायला इंजिन थांबवणारे जहाज उभे निशाण बनते, आणि मग पाण्यातल्यांना वाचवायला कुणीच उरत नाही. कृपाण सकाळी कच्छलसोबत त्याच जागी परत आली होती. हेही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, कुलाबा, मुंबई