मॉड्यूल चालते कसे, हे कंपायलरनेच सांगायला हवे

संपादक महोदय,

सी++ या प्रोग्रामिंग भाषेत मॉड्यूल, म्हणजे एका भागातला कोड दुसऱ्या भागात वापरण्याची नवी सोय, आली ती डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणकाबरोबर (भाषेचे अधिकृत नियम, सी++२०). त्यावर लिहिणारे बहुतेक जण 'आता ही सोय उपलब्ध आहे' म्हणून पुढे जातात. मी एका मोठ्या सी++ प्रकल्पाची बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया) सांभाळते. ती सोय हातात घेतल्यावर माणूस नेमका कुठे अडतो, ते आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटले.

जुन्या रीतीत 'हॅश-इन्क्लूड' लिहिले की प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी कोड तयार करणारा टप्पा) ती हेडर फाइल (इतर फाइलींना लागणाऱ्या घोषणांची फाइल) जशीच्या तशी तिथे ओततो. तीच हेडर शंभर फाइलींत असेल तर शंभरदा वाचली जाते, आणि एकीतला मॅक्रो (कोडमध्ये आपोआप विस्तारला जाणारा संक्षेप) दुसरीत जाऊन घोळ घालतो. मॉड्यूलचा इंटरफेस, म्हणजे बाहेर दिसणारा भाग, एकदा कंपाइल होतो आणि त्याचे सार एका बायनरी फाइलीत राहते. 'इम्पोर्ट' म्हटले की कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, ती फाइल उघडतो. 'एक्स्पोर्ट' न केलेली नावे बाहेरच्याला वापरता येत नाहीत, मॅक्रो तर बाहेर येतच नाहीत. इथवर प्रमाणकात सगळे आहे. पण ती बायनरी फाइल कुठे ठेवायची, तिला काय म्हणायचे, कंपायलरला ती सापडावी कशी, यावर प्रमाणक गप्प आहे. हा सारा भाग प्रत्येक कंपायलरच्या मॅन्युअलनेच सांगायचा असतो.

आणि इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. क्लँग हा कंपायलर ही फाइल 'पीसीएम' म्हणून बनवतो, जीसीसी 'जीसीएम' बनवून 'जीसीएम डॉट कॅश' नावाच्या फोल्डरात टाकतो, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची 'आयएफसी' असते. एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही. क्लँगची तर आवृत्ती बदलली तरी फाइल पुन्हा बनवावी लागते. सर्वांत फसवा प्रकार स्विचचा, म्हणजे कंपायलरला आज्ञेसोबत द्यायच्या पर्यायाचा. '-एफमॉड्यूल्स' हा स्विच जीसीसी १५ मध्ये प्रमाणकातली मॉड्यूल चालू करतो; त्याआधी त्यासाठी '-एफमॉड्यूल्स-टीएस' लिहावे लागे. क्लँगमध्ये मात्र तोच '-एफमॉड्यूल्स' त्याची स्वतःची जुनी, हेडरवर बांधलेली मॉड्यूल-व्यवस्था चालू करतो. प्रमाणकातल्या मॉड्यूलसाठी तिथे सी++२० निवडले की पुरे. आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीने हा स्विच एका कंपायलरच्या उदाहरणातून उचलून दुसऱ्याला दिला. कंपायलरने तो मुकाट्याने स्वीकारला आणि चुका भलत्याच ठिकाणी दाखवल्या. तिची हुशारी कुठेही कमी पडली नव्हती. दोन्ही अर्थ शेजारीशेजारी लिहिलेले एक वाक्य तिला वेळेवर मिळायला हवे होते.

दुसरी अडचण क्रमाची. पूर्वी सगळ्या फाइली एकाच वेळी, कुठल्याही क्रमाने कंपाइल करता येत. आता इम्पोर्ट करणाऱ्या फाइलीआधी इंटरफेस तयार हवा, म्हणजे कोण कोणावर अवलंबून आहे हे आधी चाळून पाहणे आले. बिल्डची आखणी करणाऱ्या सीमेक या साधनात हे अधिकृतपणे आले ते ३.२८ पासून, तेही निंजा आणि व्हिज्युअल स्टुडिओ या बिल्ड चालवणाऱ्या साधनांसोबत. मेकफाइल (जुन्या 'मेक' साधनाची) वापरणाऱ्याला ते मिळत नाही, हेडर युनिटही (जुनी हेडर फाइलच 'इम्पोर्ट' करण्याची रीत) त्यात बसत नाहीत. ज्याला हे माहीत नाही तो आपल्याच कोडमध्ये दोष शोधत बसतो.

चांगले काम झालेले नाही असे मुळीच नाही. क्लँगच्या दस्तऐवजात मॉड्यूलवर वेगळे, सविस्तर पान आहे आणि त्यात ज्ञात अडचणींचा स्वतंत्र भाग आहे. जीसीसीच्या मॅन्युअलनेही मॉड्यूलची आपली सोय अपूर्ण असल्याचे सांगून काय राहिले ते नोंदवले आहे. 'हे अजून चालत नाही' असे लिहिणाऱ्याचा मला फार आदर वाटतो, कारण त्या एका ओळीने कितीतरी लोकांची शोधाशोध वाचते. वैशिष्ट्यांच्या तक्त्यात नुसती बरोबरची खूण असली, की तिच्यामागे काय दडले आहे ते कळायला मार्ग नसतो. नाव देऊन लिहिलेली मॉड्यूल चालतात आणि हेडर युनिट चालत नाहीत, अशा वेळी खूण कुठली करायची?

म्हणून कंपायलरवर काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्या वाचकांतही असे कोणी असतील. मॉड्यूलच्या वर्तनात बदल करणारा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) दस्तऐवजातल्या बदलाशिवाय स्वीकारू नये. कोणत्या आवृत्तीपासून काय चालते, बायनरी फाइल कधी निरुपयोगी ठरते, कोणते स्विच मॉड्यूल बनवताना आणि इम्पोर्ट करताना सारखेच द्यावे लागतात, हे त्याच पानावर असावे. आणि पानावरच्या उदाहरणांतल्या आज्ञा चाचणीसंचात घालून प्रत्येक आवृत्तीआधी खरोखर चालवून पाहाव्यात.

आपली विश्वासू,
एक सी++ प्रोग्रामर