जुने फ्रेंच सॅक्सोफोन म्हणजे केवळ ‘मार्क सिक्स’ नव्हे

माननीय संपादक,

जुन्या फ्रेंच सॅक्सोफोनचा विषय निघाला की बोलणे सेल्मर या फ्रेंच कंपनीच्या ‘मार्क सिक्स’ या सॅक्सोफोनपाशी येऊन थांबते. १९५४ साली आलेले हे वाद्य थोर आहे, यात वाद नाही. परंतु त्याच्या कीर्तीखाली शतकभराची फ्रेंच कारागिरी झाकली जाते, याचे वाईट वाटते.

सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ साक्स मूळचा बेल्जियमचा. १८४२ मध्ये तो पॅरिसला स्थायिक झाला आणि १८४६ मध्ये त्याने या वाद्याचे पेटंट घेतले. १८६६ मध्ये त्याची मुदत संपली आणि इतर कारागिरांना हात घालता आला. ब्युफे-क्रांपाँ या फ्रेंच वाद्यनिर्मात्यांची सॅक्सोफोन-परंपरा तेव्हापासूनची. सेल्मर मात्र १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला या क्षेत्रात उतरले आणि १९२९ मध्ये त्यांनी साक्स घराण्याचा कारखानाच विकत घेतला.

सेल्मरची खरी झेप मला १९३०च्या दशकातील ‘बॅलन्स्ड अ‍ॅक्शन’ या मॉडेलमध्ये दिसते. तोवर भोंग्यावरील खर्जाच्या स्वरांच्या झडपा बहुतेकदा डाव्या अंगाला असत. त्या उजवीकडे नेल्यामुळे डाव्या करंगळीपासून जाणारे दांडे सुटसुटीत झाले आणि खर्जातले स्वर कमी जोराने दाबता येऊ लागले. पुढच्या ‘सुपर बॅलन्स्ड अ‍ॅक्शन’मध्ये वरच्या आणि खालच्या हाताच्या चाव्या एका रेषेत न ठेवता किंचित वळवण्यात आल्या, त्यामुळे मनगटांवरचा ताण कमी झाला. ‘मार्क सिक्स’ने हाच वारसा पुढे नेला.

या परंपरेचा नाद बांधीव आणि एकाग्र असतो. त्याच काळातल्या अनेक अमेरिकन वाद्यांचा नाद त्यापेक्षा पसरट वाटतो. तरीही सगळे फ्रेंच सॅक्सोफोन एका साच्यातले नव्हते. एसएमएल या फ्रेंच कारखान्याच्या काही वाद्यांवर स्वरछिद्रांचे काठ बाहेर वळवून गोल केलेले असतात. बोट फिरवले की ती गोलाई लगेच जाणवते. छिद्र बंद करणारी चावीखालची मऊ गादी, म्हणजे पॅड, धारदार कडेऐवजी त्या गोलाईवर टेकते. असे काठ सपाट करण्यासाठी कानस मारली, तर ते कायमचे बिघडतात. दुरुस्तीला वाद्य देण्याआधी हे आवर्जून सांगावे.

मला सर्वाधिक टोचते ते जुन्या वाद्यांना नवे दाखवण्यासाठी घासणे. घासून पुन्हा लॅकर (पितळावरचा पारदर्शक लेप) चढवताना पितळ झिजते. तिरप्या उजेडात पाहिले, तर भोंग्यावरील कोरीवकामाच्या कडा बोथट झालेल्या असतात, अनुक्रमांकाचे आकडे उथळ पडलेले असतात. चकाकी पाहून विकत घेण्यापेक्षा, ठिकठिकाणी उडालेले पण मूळचेच लॅकर असलेले वाद्य हाती घ्यावे, सर्व चाव्या बंद करून खर्जातला स्वर हलक्या फुंकरीने लागतो का ते पाहावे, आणि मगच त्यावर कोणत्या कारखान्याचे नाव आहे हे वाचावे.

आपला नम्र,
एक सॅक्सोफोनवादक