मेस्त्रीकाका, त्या दिवशी तुम्ही इंजिन चढवलं नाहीत म्हणून

तीर्थस्वरूप मेस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. समोर बसून मला हे बोलता आलं नसतं, तुम्ही मध्येच "गप ऱ्हव गो" म्हणून चहा मागवला असता. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे. देवबागपासून आचऱ्यापर्यंत जुन्या फायबरच्या होड्या कमी नाहीत, आणि त्यांच्या मालकांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

मे महिन्यात कर्ली नदीच्या मुखावर आमचं इंजिन बंद पडलं. ओहोटीचं पाणी बाहेर ओढत होतं, समोरून लाटा फुटत होत्या. भाऊ वल्हं मारत होता आणि मी दोरी ओढून ओढून हात सोलून घेतले. शेवटी दुसऱ्या होडीने आम्हाला ओढून आणलं. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन जॅम झालेला, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या. दुरुस्तीत अर्थ नव्हता. सोसायटीचं कर्ज आणि आईच्या पाटल्या मिळून नवं ४० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढ्यात ते चढवायचं आणि नारळी पौर्णिमेनंतर निघायचं, असा आमचा बेत होता.

तुम्ही आलात तेव्हा खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. होडीच्या मागच्या फळीवर, ज्याला इंजिनाच्या पुस्तकात ट्रान्सम म्हणतात तिच्यावर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलात. वर टणटण वाजत होतं. जुन्या बोल्टांच्या खाली आल्यावर आवाज बसला. मग मूठ माझ्या हातात दिलीत. भाऊ शेजारी उभा होता, बाबा पायरीवर बसले होते, आणि तुम्ही मला म्हणालात, "तू ठोक. आवाज तुका कळाक होयो, होडी तू चालवतलंस." बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून होडी मीच नेते, तरी दुकानात माणसं माझ्या प्रश्नाचं उत्तर भावाकडे बघून देतात. तुम्ही माझ्याकडे बघून बोललात. ते मी विसरणार नाही.

मग आतल्या बाजूने बारीक भोक पाडलंत. ड्रिलला सुका भुसा लागायला हवा होता, आला ओला काळा चोथा. दोन वर्षांपूर्वी एकाने हीच फळी ठणठणीत आहे म्हणून वरून अॅल्युमिनियमचा पत्रा मारून दिला होता. त्या पत्र्याखाली पाणी मुरत राहिलं. फायबर कुजत नाही, पण फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय असतो, आणि बोल्टाच्या भोकातून पाणी शिरलं की प्लाय आतल्या आत सडतो. बाहेरून रंग चकचकीत.

"ह्या फळयेर मी मशीन चडवचंय नाय," असं म्हणून तुम्ही चपला घातल्यात. काका, त्या संध्याकाळी मी तुमच्यावर फार चिडले होते. हप्ता सुरू झाला होता, इंजिन घरात पडून होतं, आणि हा माणूस फळी कापायला सांगतोय! तुमच्या मागे मी जे बोलले त्याची आज माफी मागते. आमच्या जुन्या टू स्ट्रोकपेक्षा नवं इंजिन वीस-पंचवीस किलो जड आहे. सडक्या फळीवर ते कर्लीच्या मुखावरच्या एका लाटेला निखळलं असतं, तर पाटल्याही गेल्या असत्या आणि आम्हीही.

पुढचा दीड महिना तुम्ही पावसात आमच्या अंगणात काढलात. ताडपत्रीचा मांडव, आत हॅलोजनचे दिवे, कारण ओल्या लाकडावर रेझिन धरत नाही. ग्राइंडरने आतला थर कापून काढलात आणि बाहेरचा तसाच ठेवलात, नवी फळी त्याच आकारात बसावी म्हणून. फायबरची धूळ अंगाला लागून खाजू नये म्हणून आधी खोबरेल चोळायला आणि लांब बाह्यांचं घालायला सांगितलंत. सडका प्लाय मी छिन्नीने खरवडला, आणि चांगलं लाकूड लागेपर्यंत तुम्ही मला थांबू दिलं नाहीत. मग बारा दिवस नुसतं सुकवणं. १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे दोन थर चिकटवून नवी फळी केलीत, कोपरे पुट्टीने गोल केलेत, कारण काटकोनात मॅट, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून लावायचं फायबरचं कापड, वळत नाही, मध्ये हवा धरते.

आणखी एक चूक तुम्ही पकडलीत. जुन्या इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा, १५ इंची होता, दुकानातून आलेल्याचा २० इंची. "चालून जाईल," असं आम्हाला सांगितलं होतं. चाललं नसतं. शाफ्ट पाच इंच खोल गेला असता, पाण्याचा अडथळा वाढला असता आणि उथळ पाण्यात पंखा वाळूला लागला असता. फळी नव्यानेच करत होतो, म्हणून ती पाच इंच उंच केलीत. आता मागून येणारी लाट पूर्वीसारखी सहज आत येत नाही. जास्तीचं वजन तोलायला पेट्रोलची टाकी पुढे सरकवलीत.

बोल्टांची भोकं तुम्ही आधी मोठी पाडलीत, घट्ट इपॉक्सीने भरलीत आणि मग त्यातून बोल्टाच्या मापाची पुन्हा पाडलीत. आता सीलंट फाटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचायचं नाही. हे एवढं एक काम नवं इंजिन बसवणाऱ्या प्रत्येकाने करावं, अगदी फळी चांगली असली तरी.

पहिले दहा तास तुम्ही फुल थ्रॉटल देऊ दिला नाहीत. नंतर दिला तर इंजिन मिनिटाला ४,७०० फेऱ्यांच्या पुढे जाईना, पुस्तकात ५,००० ते ६,००० लिहिलेलं. मला वाटलं इंजिनातच दोष आहे. तुम्ही दोन इंच कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत तेवढा कमी पुढे सरकणारा, पंखा लावलात आणि काटा ५,१०० वर गेला.

मजुरी तुम्ही घेतलीत, पण ठोकून पाहिलं त्या पहिल्या दिवसाची घेतली नाहीत. "पयल्या दिसाचे बांगडे दी," म्हणालात. ते आईने पोचवले, तिखले करूनच.

परवा पहाटे मतलई वाऱ्यावर मुखातून बाहेर पडलो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी मागे वळून इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गार करणाऱ्या पाण्याची धार बघितली, बोटाएवढी, सरळ, न तुटणारी. परत आल्यावर ड्रममध्ये गोडं पाणी भरून इंजिन धुतलं. बाबा काठीने चालत आले, नव्या फळीवर हाताच्या मुठीने चार जागी ठोकलं आणि काही न बोलता घरात गेले.

रविवारी इंजिनाचे वीस तास पूर्ण होतात. पहिलं तेल मी बदलणार आहे, तुम्ही खुर्चीत बसून फक्त बघायचं. सकाळी पेजेलाच या. नातीलाही आणा.

तुमची,
फळी ठोकायला शिकलेली मुलगी