कॉलेजची गाडी आणि सीटखालचा गाळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या युवा पुरवणीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पहिली गाडी कशी निवडावी, याविषयी आलेला लेख काल दुपारी वाचला. (दुपारी अशासाठी की, आपला अंक शृंगारतळीला त्याआधी पोहोचत नाही, पण ते असो.) लेख देखणा आहे, छायाचित्रे रंगीत आहेत आणि त्याच्या समोरचे पूर्ण पान गाड्यांच्याच जाहिरातीचे आहे, हा योगायोगही देखणा आहे. लेखकाने गाडीच्या रंगाला दोन परिच्छेद दिले आहेत, सनरूफला एक, गाण्यांच्या यंत्रणेला एक. ब्रेकला मात्र एक ओळही त्यांना देता आलेली नाही.

अकरावीत प्रवेश मिळालेल्या मुलाने वडिलांकडे गाडीचा हट्ट कसा धरावा, इथून लेखाची सुरुवात होते. अकरावीतला मुलगा साधारण सोळा वर्षांचा असतो आणि मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण झाल्याखेरीज त्याला चारचाकीचा शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही, हे लेखकाला ठाऊक नसेल, तर निदान संपादकीय विभागात कोणाला तरी ठाऊक असावे अशी अपेक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी त्यात तरतूद आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा बळी घेतला, त्याच्या बातम्या आपणच पहिल्या पानावर छापल्या होत्या. त्याच वृत्तपत्राच्या पुरवणीत सोळा वर्षांच्या मुलांना हट्ट धरण्याचे धडे दिले जावेत, याचे आश्चर्य वाटते.

लेखकाचे शहर कोणते ते लेखात दिलेले नाही. तिथे पाऊस पडत नसावा, असा मात्र दाट संशय येतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि गाडी बंदिस्त गॅरेजमध्ये नव्हे, तर घरापुढच्या खळ्यात आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी असते. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी खाली उतरवणाऱ्या बारीक नळ्या असतात. मोहोर, पालापाचोळा आणि शेवाळ यांनी त्या तुंबल्या की तेच पाणी छताच्या कापडातून झिरपून चालकाच्या मांडीवर येते. ज्या सुविधेसाठी लेखकाने जास्तीचे पैसे मोजायला सांगितले आहे, तिचा कोकणातला उपयोग हा असा आहे.

परंतु मी हे पत्र सनरूफमुळे लिहीत नाही. जुन्या गाडीविषयी लेखात एकच वाक्य आहे, ते असे की, बजेट कमी असेल तर विश्वासू व्यापाऱ्याकडून चांगल्या स्थितीतली गाडी बघून घ्यावी. ‘बघून’ म्हणजे काय बघून, हे सांगण्याचे कष्ट लेखकाने घेतलेले नाहीत. आमच्याकडचे बहुतेक पालक मुलांना जुनीच गाडी घेऊन देतात आणि खरे फसतात ते इथेच. आमच्या घरी काय झाले, ते सांगतो.

माझी मुलगी चिपळूणच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकते. प्रात्यक्षिके सकाळी लवकर सुरू होतात आणि मार्गताम्हाने, रामपूर करत वेळेवर पोहोचणे तिला जमेना, म्हणून तिचा कायमचा परवाना हातात आल्यावर आम्ही जुनी गाडी घेण्याचे ठरवले. घाटावरच्या एका मोठ्या शहरातील व्यापाऱ्याने (नाव लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे) आम्हाला एक पांढरी हॅचबॅक दाखवली. एकच मालक, कमी धावलेली, सीटना नवी कव्हरे, आत सुवास दरवळतो आहे आणि भरीस भर म्हणजे एमएच ०८ पासिंग. ‘गुरुजी, तुमच्याच जिल्ह्याची गाडी आहे, दुसऱ्या आरटीओच्या एनओसीचीही भानगड नाही,’ असे तो म्हणाला, आणि एवढे मात्र त्याचे खरे होते.

उन्हाळाभर गाडी उत्तम चालली. पहिल्या पावसाबरोबर आत कुबट वास येऊ लागला, आणि एसी लावला की तो अधिकच वाढे. मग उजव्या दाराची काच वर जाईना, एअरबॅगचा दिवा पेटला तो विझेना, आणि एका मध्यरात्री खळ्यात बंद उभ्या असलेल्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजू लागून सगळी वाडी जागी झाली. इथल्या मेकॅनिकने पुढच्या सीट काढून खालचे कार्पेट उचलले. आमच्या रस्त्यांवरची धूळ जांभ्याची, तांबडी असते; कार्पेटखाली निघाला तो पिठासारखा मऊ, राखाडी गाळ. सीटचे रूळ गंजून फुगले होते आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी धरली होती. ‘गुरुजी, ही गाडी पाण्यात होती. पावसाच्या नव्हे, पुराच्या,’ असे त्याने सांगितले. आरसी बुकावरचा पहिल्या मालकाचा पत्ता चिपळूणचा होता, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद जून २०२१ मध्ये थांबली होती, ती पुन्हा सुरूच झालेली नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत किती चढले होते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणजे चिपळूणच्या पुरात बुडालेली गाडी घाट चढून गेली, तिथे न्हाऊनमाखून, अत्तर लावून उभी राहिली आणि मी पदरचे पैसे मोजून ती पुन्हा चिपळूणच्याच रस्त्यावर आणली.

व्यापाऱ्याला फोन केला, तेव्हा त्याने आधी सहीच्या कागदावरचे ‘जशी आहे तशी’ हे बारीक अक्षरांतले कलम वाचून दाखवले आणि मग, समुद्राजवळ राहता, गंज येणारच, असे वर ऐकवले. समुद्र माझ्या खळ्यात येऊन सीटखाली नदीचा गाळ भरून जातो, हा भूगोल माझ्याकडून आयुष्यभर मुलांना शिकवायचा राहून गेला, एवढेच म्हणतो.

यात कागदोपत्री काहीच सापडत नाही, ही खरी मेख आहे. पुरात बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च फार आला, तर विमा कंपनी मालकाला विम्याची रक्कम देऊन मोकळी होते, गाडी भंगाराच्या भावाने कोणीतरी उचलतो, आणि आरसी बुकात पुराचा रकाना नसल्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाला तिचा इतिहास कळत नाही. म्हणून गाडीच बघावी लागते, तीही भरदिवसा आणि धुण्याच्या आधी. सीटबेल्ट नेहमी लावतो तेवढाच न ओढता, अगदी शेवटच्या टोकापर्यंत बाहेर खेचावा. गाडी धुणारे बहुधा तिथवर पोहोचत नाहीत आणि पट्ट्यावर पाण्याची रेघ किंवा मातीचा डाग राहतो. स्टेपनी उचलून तिच्याखालचा खोलगट भाग बघावा, डॅशबोर्डखाली हात घालून स्क्रूंना गंज आहे का ते चाचपावे, हेडलाइटच्या आत ओल धरल्याची खूण आहे का ते निरखावे. सुवास जितका अधिक, तितका संशय अधिक धरावा. सर्व्हिस सेंटरमधून गाडीची नोंद मागून घ्यावी आणि विम्यात मध्येच खंड पडला आहे का, हे तपासावे. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघू देत नसेल, तर त्या व्यापाऱ्याच्या चहाचे आभार मानून परत यावे. आमच्या बाजूच्या गाड्यांना खालून गंज असतोच. त्यातून पर्यटकांनी वाळूत रुतवून भरतीच्या पाण्यात भिजवलेली गाडी असेल, तर बघायलाच नको. हा मजकूर आपल्या लेखात चौकट करून देता आला असता. त्या जागी ‘गाडीला नाव काय ठेवाल?’ अशी चौकट आहे.

नव्या-जुन्याचा विचार करताना गाडी कोणत्या साली बनली, याला रंगापेक्षा अधिक महत्त्व आहे. एप्रिल २०१९ पासून सर्व मोटारींना एबीएस ब्रेक (जोरात दाबले तरी चाके जखडू न देणारे) सक्तीचे झाले आणि पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग जानेवारी २०२२ पासून. त्यामुळे त्यानंतर बनलेली साधी गाडी त्याआधीच्या दिमाखदार गाडीपेक्षा नवशिक्या चालकाला अधिक योग्य आहे. आपल्या लेखकाने मायलेजचा तक्ता दिला आहे, पण धडकेच्या चाचणीतल्या ताऱ्यांचा उल्लेखही केलेला नाही. ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले आणि २०२३ मध्ये वॅगनआरला एक, ही माहिती कोणालाही बघता येते, आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीही ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली आहे. ज्याला पहिल्यांदाच पावसात, धुक्यात, समोरून चिऱ्यांचे ट्रक येत असताना गाडी चालवायची आहे, त्याला गाणी कशी ऐकू येतील यापेक्षा हे आधी सांगायला हवे होते. विम्याचेही तेच. जुन्या गाडीचा विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि आधीच्या मालकाची नो क्लेम बोनसची (विम्याचा दावा न केल्याबद्दलची) सवलत आपल्याला मिळत नाही. व्यापारी यातले काहीच सांगत नाहीत आणि आता वर्तमानपत्रेही सांगत नाहीत.

विजेवरच्या गाडीची शिफारस लेखात मोठ्या उत्साहाने केलेली आहे. त्यावर एवढेच लिहितो की, जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, तो असा की, इथल्या विद्यार्थ्याला गाडी लागतेच कशाला. एसटी वेळेवर आली असती, तर मी त्या व्यापाऱ्याच्या दारात गेलोच नसतो. महामंडळ विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत देते, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, या गोष्टी स्तुत्य आहेत. पण सवलत असलेली गाडी स्टँडवर आली तर तिचा उपयोग. सकाळची कॉलेजच्या वेळेची फेरी आगारातून कधी उशिरा सुटते, कधी चालक नाही म्हणून रद्द होते, आणि शिमग्याला किंवा गणपतीला तर जादा गाड्यांच्या नादात विद्यार्थ्यांची फेरी कोणाच्या लक्षातच राहत नाही. चौकशीच्या खिडकीवर विचारले, तर येईल, असे उत्तर मिळते. पूर्वी आपल्या जिल्ह्याच्या पानावर असल्या तक्रारींना जागा असे. आता ते पान आठवड्यातून कधीतरी येते आणि त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात.

ज्या वाचकांच्या बाबतीत असेच घडले असेल, त्यांच्या माहितीसाठी लिहितो की, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, व्यापाऱ्याच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मेकॅनिककडून लेखी अहवाल आणि उचकटलेल्या कार्पेटची छायाचित्रे आधी घेऊन ठेवावीत, मगच दुरुस्ती करावी.

पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे आणि आपण ते कापणार, याचीही. कापायचेच झाले, तर एसटीचा परिच्छेद कापावा, तो मी पुन्हा पाठवीन. सीटबेल्टचा कृपया ठेवावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व पालक,
शृंगारतळी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी